गाडीचा हीटर आणि बोअरचे पाणी

मोटारगाडीला हीटर कशाला हवा, असा प्रश्न मराठवाड्यातल्या माणसाला पडणे साहजिक आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभी केलेली गाडी आपोआपच भट्टी होते. त्यामुळे गाडीतील निळ्या-लाल खुणेचे ते गोल बटण वर्षाचे अकरा महिने निळ्या बाजूलाच पडून राहते. लाल बाजूकडे कोणी फिरकत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत, पहाटेच्या वेळी, उदगीरच्या पठारावरून जाताना या बटणाची किंमत कळते. मला ती कशी कळली हे आधी सांगतो, कारण त्यातूनच आपल्याला आजचा धडा शिकायचा आहे.

आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी सकाळी आठला लातूरला पोहोचायचे होते. आम्ही चौघे पहाटे साडेपाचला उदगीरहून निघालो. बाहेर चांगलाच गारठा होता, सखल जागी धुके साचले होते. आईला वारा लागू नये म्हणून सगळ्या काचा बंद केल्या. पंधरा-वीस मिनिटांत समोरची काच आतून दुधी झाली. वायपर बाहेर फिरतो, त्याचा काय उपयोग? रुमालाने पुसावे तर क्षणात पुन्हा तेच. एरवी अशा वेळी ए.सी. लावला तर तो हवेतले बाष्प काढून घेतो आणि काच स्वच्छ होते. पण माझ्या गाडीतल्या ए.सी.चा गॅस उन्हाळ्यातच गेलेला होता. मग हीटरचे बटण लाल खुणेपर्यंत फिरवले, पंखा जोरात सुरू केला. पंखा घोंघावू लागला, पण हवा गारच! नळेगावच्या अलीकडे त्या दुधी काचेतून एकदम उसाचे शेंडे दिसले. गळिताचे दिवस होते आणि आमच्या पुढे उसाची ट्रॉली चालली होती, मागे दिवा नाही की चमकती पट्टी नाही. ब्रेक वेळेवर लागला. पुढचा रस्ता आम्ही काचा खाली करून, कानाला मफलर गुंडाळून, ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने कापला.

तेव्हा गाडीचा हीटर ही केवळ चैनीची वस्तू नाही. आणि तो बिघडला तर बिघाड बहुधा हीटरमध्ये नसतो, इंजिनाच्या पाण्यात असतो. हे कसे ते आपण क्रमाने पाहू.

काच का धुरकटते?

१२° सें. तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ११ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. लहान गाडीच्या आतली जागा साधारण ३ घनमीटर धरली, तर सगळी मिळून ३३ ग्रॅम. स्वस्थ बसलेला मोठा माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला ३०-४० ग्रॅम तरी पाणी हवेत सोडतो. आम्ही चौघे होतो. म्हणजे पाव तासात गाडीतली हवा संपृक्त होणार आणि पुढचे बाष्प सर्वांत थंड पृष्ठभागावर, म्हणजे काचेवर, दव होऊन बसणार. हिशेब आणि अनुभव किती जवळ आले पाहा!

आता तीच हवा ४०° पर्यंत तापवा. ४०° च्या एक घनमीटर हवेत सुमारे ५१ ग्रॅम वाफ मावते. बाष्प तेवढेच राहिले, पण हवेची बाष्प सामावण्याची ताकद जवळजवळ पाचपट झाली. अशी ‘तहानलेली’ हवा काचेवर सोडली की ती दव पिऊन टाकते, शिवाय काचही तापते. हीटरचे खरे काम हे आहे.

हीटरला उष्णता कोण देतो?

घरातल्या हीटरमध्ये विजेची तार तापते. पेट्रोल किंवा डिझेलच्या गाडीत तसे काही नसते. तिथे फुकटची उष्णता वापरलेली असते. माझी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना लिटरला १५ किलोमीटर पळते असे धरू. म्हणजे तासाला ४ लिटर पेट्रोल जळते. एका लिटरमध्ये साधारण ३३ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणून तासाला १३२ मेगाज्यूल. सेकंदाला भागले तर सुमारे ३७ किलोवॅट. यातला जेमतेम पाव हिस्सा चाके फिरवायला लागतो. बाकीचा धुरांड्यातून जातो आणि इंजिनाच्या भिंतींत शिरतो. भिंतींत शिरलेली उष्णता काढून घेतली नाही तर दट्ट्या सिलिंडरमध्ये जाम होईल. म्हणून इंजिनाच्या अंगात पोकळ्या ठेवून त्यांतून पाणी फिरवतात. हे पाणी सुमारे १० किलोवॅट उष्णता उचलते आणि पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये, वाऱ्यावर सोडून देते. तुमच्या घरच्या पाणी तापवायच्या कॉइलची शक्ती एक ते दीड किलोवॅट असते. म्हणजे गाडी सात-आठ कॉइलींची उष्णता रस्त्याने उधळत चाललेली असते!

त्या पाण्यातले थोडेसे एका फाट्याने आत, डॅशबोर्डच्या मागे आणलेले असते. तिथे पुस्तकाएवढा दुसरा छोटा रेडिएटर बसवलेला असतो. त्याच्या बारीक नळ्यांतून गरम पाणी जाते, पंखा त्यावरून हवा ढकलतो, हवा तापते. बस, एवढाच हीटर! पंख्याने सेकंदाला ०.१२ किलोग्रॅम हवा ढकलली आणि ती ३०° ने तापवायची असली, तर हवेचा विशिष्ट उष्मा (१००५ ज्यूल प्रतिकिलो प्रतिअंश) धरून लागणारी शक्ती येते सुमारे ३.६ किलोवॅट. पाण्याचा विशिष्ट उष्मा हवेच्या चौपट आहे. छोट्या रेडिएटरमधून सेकंदाला १०० ग्रॅम पाणी वाहत असेल तर एवढी उष्णता देऊन ते फक्त साडेआठ-नऊ अंशांनी थंड होईल. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

आणखी एक हिशेब करून ठेवू. इंजिनात ६ लिटर पाणी आणि १०० किलो धातू आहे असे समजा. हे सगळे एका अंशाने तापवायला सुमारे ७५ किलोज्यूल लागतात, म्हणजे ७०° ने तापवायला सव्वापाच मेगाज्यूल. रस्त्यावर पाण्याकडे १० किलोवॅट येत असतील तर यास आठ-नऊ मिनिटे लागतील. गाडी जागेवर उभी ठेवून नुसते इंजिन चालू ठेवले तर पेट्रोल फारच कमी जळते आणि वेळ अर्ध्या तासाच्या पुढे जातो. तेव्हा पहिली पाच-दहा मिनिटे गार हवा आली तर तो बिघाड नव्हे. दारात गाडी चालू ठेवून ‘हीटर चालत नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळ लोकांचा हीटर ठणठणीत असतो. डिझेल इंजिनाची कार्यक्षमता जास्त, त्यामुळे ते आणखी सावकाश तापते. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांत तर अशी भरपूर फुकटची उष्णता नसतेच. तिथे हीटरसाठी बॅटरीतली वीज खर्च करावी लागते आणि थंडीत गाडीचा पल्ला कमी होतो.

दोन नळ्यांची साक्ष

लातूरहून परतल्यावर दुसऱ्या रविवारी मी गाडीचे बॉनेट उघडले. (विद्यार्थी मित्रहो, यापुढचे काहीही घरातल्या जाणत्या माणसाशिवाय करू नका. गाडी मोकळ्या जागेत असावी, बंद शेडमध्ये नव्हे, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. नळ्यांना हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. आणि पंख्याच्या पात्यांजवळ बोटे कधीच नेऊ नयेत. विजेवरचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही आपणहून सुरू होतो.)

पहिली साक्ष काढली ती तापमानाच्या काट्याची. वीस मिनिटे फिरून आल्यावर काटा नेहमीप्रमाणे मधोमध होता. म्हणजे इंजिन तापत होते. खरे सांगायचे तर मला संशय थर्मोस्टॅटचा होता. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला थर्मोस्टॅटचे भारी प्रेम! इंजिन आणि रेडिएटर यांच्या मध्ये ही लहानशी झडप असते. तिच्यात पितळी डबीत मेण भरलेले असते. इंजिन थंड असताना झडप बंद, पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरते आणि लवकर तापते. तापमान ८२°-८८° च्या घरात आले की मेण वितळते, वितळताना दहा-पंधरा टक्के फुगते आणि दांडी ढकलून झडप उघडते. वीज नाही, तार नाही. केवळ प्रसरणाच्या जोरावर वर्षानुवर्षे काम.

आपल्याकडे या झडपेवर एक मोठा अन्याय होतो. उन्हाळ्यात गाडी तापू लागली की काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. ‘आता पाणी सारखे फिरेल, गाडी तापणार नाही.’ गाडी तापते ती बहुधा तुंबलेल्या जाळीमुळे किंवा न फिरणाऱ्या पंख्यामुळे. ते कारण तसेच राहते आणि हिवाळ्यात नवीन दुखणे सुरू होते. पाणी पहिल्या मिनिटापासून मोठ्या रेडिएटरमधून फिरते, इंजिन पन्नास-साठ अंशांच्या वर जातच नाही, तेल पुरेसे तापत नाही, पेट्रोल जास्त जळते आणि हीटर कोमट फुंकर मारत बसतो. झडप उघडी अडकून पडली तरी हेच होते. ओळखायची खूण सोपी आहे. गार गाडी सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत इंजिन बंद करून रेडिएटरकडे जाणाऱ्या जाड नळीला हात लावावा. थर्मोस्टॅट धडधाकट असेल तर ती बराच वेळ गारच राहते आणि मग एकाएकी तापते. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेली तर झडप उघडी आहे किंवा मुळात नाहीच. माझी नळी एकाएकी तापली. थर्मोस्टॅट निर्दोष सुटला.

मग हीटरच्या दोन बारीक नळ्या पाहिल्या. इंजिनाच्या मागच्या बाजूने निघून त्या गाडीच्या आत जातात. एकीतून पाणी आत जाते, दुसरीतून परत येते. हात ओझरता लावावा, धरून ठेवू नये. कोविडच्या काळात घरोघरी आलेली ताप मोजायची ‘बंदूक’ इथे वापरून पाहिली, पण ती माणसाच्या तापापुरतीच बनवलेली असते; तिने नुसते ‘जास्त’ असे दाखवून हात वर केले. शेवटी महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेतला अल्कोहोलचा तापमापक नळीला कापडाने बांधला. आत जाणारी नळी ७४°, परत येणारी ३१°.

आता मघाचा आकडा आठवा. पाणी नीट वाहत असते तर दोन नळ्यांत दहा-बारा अंशांहून मोठा फरक पडायला नको होता. इथे तर ४३° चा फरक! याचा अर्थ हीटर फार उष्णता घेतोय असा मुळीच नाही, हवा तर गारच होती. याचा अर्थ पाणी इतके सावकाश ठिबकत होते की तेवढ्या वेळात ते जवळजवळ खोलीच्या तापमानाला येत होते. वाट तुंबली होती. जुन्या गाड्यांत या वाटेवर तारेने ओढायची एक तोटी असते; ती गंजून बंद राहिली तरी हेच चित्र दिसेल. माझ्या गाडीतली तोटी उघडी होती. म्हणजे छोटा रेडिएटरच चोंदला होता.

दोन्ही नळ्या सारख्याच गरम असत्या तर? मग पाण्याची काही चूक नाही. आतली हवा वळवणारी फळी हलत नाही असे समजावे. बटणाची तार निसटते किंवा फळी फिरवणाऱ्या छोट्या मोटारीचा दाता तुटतो. डॅशबोर्डमागून टकटक आवाज येत असेल तर बहुधा हेच. आणि दोन्ही नळ्या गार असतील तर थर्मोस्टॅट पाहावा. तो ठीक असेल तर मात्र कान टवकारा, कारण पाणी कमी झालेले असू शकते. त्या धोक्याकडे मी शेवटी येणार आहे.

पाणी कोठून आले?

इंजिन पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, रेडिएटरचे झाकण उघडले. गरम असताना हे झाकण का उघडू नये हे एकदा आकड्यांत पाहून घ्या. या झाकणात स्प्रिंग असते. ती आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एक वातावरणदाबाने जास्त चढू देते. त्यामुळे आतल्या पाण्याचा उत्कलनबिंदू ११८°-१२०° पर्यंत जातो. उदगीर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंच आहे, इथे उघड्या भांड्यातले पाणी ९८° च्या सुमारास उकळते. आत ११५° चे ६ लिटर पाणी असताना झाकण काढले तर ते एका क्षणात १७° ने ‘जादा गरम’ ठरते आणि त्यातले सुमारे तीन टक्के तत्काळ वाफ होते. तीन टक्के म्हणजे १८०-१९० ग्रॅम. ऐकायला थोडे; पण एक ग्रॅम पाण्याची वाफ दीड लिटरहून जास्त जागा व्यापते. म्हणजे तुमच्या तोंडासमोर दीड पिंपभर वाफ, आणि तिच्याबरोबर उसळणारे उकळते पाणी.

माझ्या रेडिएटरमधले पाणी चहाच्या रंगाचे निघाले. चूक माझीच होती. दोन वर्षांपूर्वी एका नळीची क्लिप ढिली होऊन पाणी झिरपू लागले. क्लिप आवळायचे मनात होते, पण त्याऐवजी दर आठ-पंधरा दिवसांनी अंगणातल्या बोअरच्या नळाखाली तांब्या धरून मी वरून पाणी घालत राहिलो. पाणी ते पाणी, असे वाटले!

आपल्या भागातली जमीन काळ्या कातळाची, म्हणजे बेसॉल्टची. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे बोअर खोल खोल जातात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे तुम्ही ऐकले असेल. खडकाच्या भेगांत दीर्घकाळ मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, ते हे जड पाणी. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात. ते तापवले की विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचे न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट होते आणि भांड्याला चिकटते. पाणी तापवायच्या कॉइलवरचा पांढरा खडबडीत थर तोच. त्याचा कपचा काढून त्यावर लिंबाचा रस पिळून पाहा. बुडबुडे येतात, ते कार्बन डायऑक्साइडचे.

हिशेब मात्र प्रामाणिकपणे करू. समजा, पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम असा क्षार आहे. सहा लिटर पाणी एकदाच भरले आणि पुन्हा घातले नाही तर सगळा मिळून ३ ग्रॅम क्षार. तेवढ्याने काही बिघडत नाही. पण गाडीतून जे पाणी वाफ होऊन जाते ते क्षार मागे ठेवून जाते, आणि आपण वरून नवे क्षारयुक्त पाणी घालतो. वर्षाला वीस लिटर घातले तर दहा ग्रॅमपर्यंत भर पडली. मिठागरात हेच तर करतात! शिवाय दर वेळी पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजनही आत जातो. मूळच्या कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये होती, ती माझ्या तांब्यांनी पातळ होऊन गेली आणि लोखंडी भाग गंजू लागले. गंजाचा गाळ आणि क्षार यांचे मिळून लोणी झाले. ते आधी कुठे बसणार? जिथे नळ्या सर्वांत बारीक आणि पाणी सर्वांत संथ तिथे. ज्या गाड्यांत हीटरला तोटी असते तिथे आपण अकरा महिने ती बंद ठेवतो. मग त्या छोट्या रेडिएटरमध्ये पाणी साचून राहते, आणि साचलेल्या डबक्यात गाळ बसतोच.

एका विद्यार्थ्याने मला विचारले, ‘सर, मग रेडिएटरमध्ये लिंबाचा रसच घालायचा!’ प्रश्न चांगला आहे. पण आजचे रेडिएटर बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात. आम्ल क्षाराबरोबर ॲल्युमिनियमलाही खाते. कॉस्टिक सोडा तर त्याहून वाईट. तो ॲल्युमिनियमवर टाकला की हायड्रोजन निघतो आणि पातळ नळीला भोक पडायला वेळ लागत नाही.

उलटी धुलाई, आणि पुन्हा गार हवा

मिस्त्रीच्या मदतीने हीटरच्या दोन्ही नळ्या सोडवल्या आणि जिथून पाणी बाहेर येते तिथून, म्हणजे उलट दिशेने, बागेच्या पाइपाने साधे पाणी सोडले. उलट दिशेने अशासाठी की गाळ ज्या बाजूने येऊन अडकला त्याच बाजूने तो सुटतो. पुढे ढकलला तर आणखी घट्ट बसतो. तुंबलेली गाळणी आपण पालथी करूनच धुतो ना? दाब नळाचाच ठेवला. कॉम्प्रेसरची हवा मारायचा मिस्त्रीचा विचार मी मोडून काढला, कारण जुन्या नळ्यांचे सांधे फुटले तर गरम पाणी प्रवाशांच्या पायांवर येईल. आधी थेंबथेंब, मग तपकिरी गढूळ पाणी, मग कपच्या, आणि दहा-बारा मिनिटांनी स्वच्छ धार. मोठा रेडिएटर आणि इंजिनही असेच धुतले. शेवटचे धुणे शुद्ध पाण्याने केले, म्हणजे बोअरचे पाणी आत उरू नये. ढिली क्लिप बदलली.

निघालेले पाणी गटारात सोडू नये. कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असते. कुत्री-मांजरे, शेळ्या ते चाटतात आणि दगावतात. आम्ही ते कॅनमध्ये भरून बंद केले.

भरताना मात्र शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे असे तयार मिश्रण वापरले. गंमत अशी की या मिश्रणाचा विशिष्ट उष्मा नुसत्या पाण्यापेक्षा कमी असतो. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. लेह-लडाखमध्ये ते गोठू नये म्हणून घालतात, निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू शून्याखाली पस्तीस अंशांच्याही खाली असतो. उदगीरला गोठण्याचा प्रश्न कधीच येणार नाही. आपल्याला ते हवे गंज थांबवण्यासाठी आणि उत्कलनबिंदू वाढवण्यासाठी.

सगळे जोडले, गाडी सुरू केली, वीस मिनिटे थांबलो. हवा पुन्हा गार! मिस्त्री माझ्याकडे पाहू लागला. पण डॅशबोर्डमागून ‘गुळगुळ’ असा आवाज येत होता, ओढ्यातून पाणी वाहावे तसा. तिथेच उत्तर होते. शेतातल्या विहिरीवरची मोटार सुरू केली आणि पाणी आले नाही की शेतकरी म्हणतो, ‘मोटारीने हवा धरली.’ गाडीचा वॉटर पंपही त्याच जातीचा, फिरत्या पात्यांनी पाणी बाहेर फेकणारा. पात्यात पाणी असले तर तो जोर करतो, हवा असली तर नुसता गरगरतो. आणि हीटर बहुधा पाण्याच्या वाटेतल्या उंच जागी असतो, म्हणून हवेचा फुगा तिथेच जाऊन बसतो. लांब पाइपलाइनच्या चढावर एअर व्हॉल्व्ह बसवतात तो यासाठीच.

इंजिन गार होऊ दिले. मग गाडीचे तोंड चढाकडे करून ती उभी केली, म्हणजे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच झाले. झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू केले, हीटर पूर्ण गरमवर. बुडबुडे येत राहिले, पातळी खाली जात राहिली, आम्ही मिश्रण घालत राहिलो. जवळजवळ पाऊण लिटर आत गेले! बुडबुडे थांबल्यावर, पाणी उकळीला येण्याच्या कितीतरी आधी, झाकण लावले. काही गाड्यांत हवा काढायला वेगळा स्क्रू असतो, तिथे हे काम सोपे होते.

फेरी मारून आल्यावर तापमापक हवेच्या जाळीपुढे धरला. बाहेर १६°, जाळीपुढे ५१°. परतीची नळी आता आत जाणाऱ्या नळीपेक्षा फक्त ९° ने गार होती.

काट्यावर किती विश्वास ठेवावा?

आता तो राहिलेला धोका. समजा, तुम्ही हीटर लावून चालला आहात, हवा छान गरम येत होती आणि ती अचानक गार झाली. असे झाले तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. बहुधा पाणी कुठूनतरी निघून गेले आहे. पातळी खाली गेली की उंचावरचा हीटर सर्वांत आधी कोरडा पडतो, म्हणून तो पहिली खबर देतो.

‘पण काटा तर चढला नाही,’ असे म्हणाल. काटा ज्याच्या सांगण्यावरून हलतो तो संवेदक पाण्यात बुडालेला असतो. पाणी गेले की तो हवेत लटकतो. पाणी त्याला झपाट्याने उष्णता पोचवते, हवा फार सावकाश पोचवते. त्यामुळे इंजिनाचा माथा तापून वाकत असताना काटा मधेच, कधी कधी तर खालीही दिसतो. माथ्याखालचे गॅस्केट जळले की दुरुस्तीचा खर्च काही हजारांत जातो, आणि त्या जागेतून पाणी सिलिंडरमध्ये शिरू लागते. मग धुरांड्यातून सतत पांढरी वाफ येते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, तेल ताकासारखे दिसते. अनेक नव्या गाड्यांत तर काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा असतो.

याच्या उलट एक उपयोगही आहे. मे महिन्यात घाटात काटा चढू लागला आणि पाणी पुरेसे असले, तर ए.सी. बंद करून हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात आणि काचा खाली. छोटा रेडिएटर मोठ्याच्या मदतीला येतो आणि तीन-साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. बसणाऱ्यांचे हाल होतात खरे, पण गाडी पुढच्या गावापर्यंत पोहोचते. चोंदलेल्या हीटरने हे जमले नसते.

गाडीच्या आत गोडसर वास येऊ लागला, पायाखालची चटई ओली लागली किंवा काचेवर पुसून न जाणारा तेलकट थर बसू लागला, तर छोटा रेडिएटर आतच गळतो आहे. तो बदलण्याशिवाय इलाज नाही. माझा सुदैवाने शाबूत निघाला. आठ दिवसांनी इंजिन गार असताना पातळी पाहिली, ती खुणेवरच होती. पंधरा दिवसांनीही तिथेच. कूलंटच्या टाकीवर मी एक चिठ्ठी चिकटवली आहे, घरातल्या सर्वांसाठी आणि मुख्यतः माझ्यासाठी: ‘बोअरचे पाणी घालू नये.’